मामांचा डावा पाय

कोल्हापुरात आज जेवढ्या गाड्या चढावर थांबून मागे न घसरता पुढे निघतात, त्यांतल्या निम्म्या माझ्या मामेसासऱ्यांच्या कृपेने निघतात. उरलेल्या निम्म्या ज्यांच्या आहेत त्यांना गाडी येतच नाही. हे मत अर्थात मामेसासऱ्यांचंच. म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांचं. शाहूपुरीत त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता आणि दारात एक जुनी पांढरी गाडी. एवढ्यावर त्यांनी पस्तीसेक वर्षं डॉक्टरांना, वकिलांना, गुळाच्या व्यापाऱ्यांना, कॉलेजातल्या मुलींना आणि एका निवृत्त तहसीलदारांना गाडी शिकवली. तहसीलदारांना ब्रेक फार आवडायचा. मामांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "सायेब, थांबाया काय, म्हस बी थांबती. निघायचं कसं ते शिका."

शिकवणीच्या गाडीला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. शिकणारा गोंधळला तर शेजारी बसलेल्या मास्तरला गाडी आवरता यावी म्हणून. मामांचं सगळं कर्तं आयुष्य, आठवड्यातला एक दिवस सोडला तर, त्या डाव्या सीटवर गेलं. त्यामुळे जिथे क्लच नाही तिथेही त्यांचा डावा पाय क्लच दाबतो. रिक्षात मागे बसले तरी रिक्षावाल्याने गिअर बदलला की पाय खाली जातो. दाताच्या डॉक्टरांनी मशीन सुरू केलं तेव्हा मामांनी असा काही पाय दाबला की शेजारची नर्स दचकून भिंतीला टेकली. माझ्या गाडीत तर डाव्या सीटपुढच्या मॅटला दोन भोकं पडली आहेत, एक मोठं आणि एक लहान. मी तक्रार केली. ते वाकून बघत म्हणाले, "ल्हान हाय ते ब्रेकचं. तुमच्या गाडीत ब्रेक मी कमीच मारतो, बगा की." हे माझ्या चालवण्याचं कौतुक आहे, हे त्यांनी मला नंतर समजावूनही सांगितलं. नवीन मॅट काही आणून दिलं नाही.

माणसांची पारखही ते क्लचवरूनच करतात. जो क्लच एकदम सोडतो तो घरात भांडखोर. जो कायम अर्धा दाबून ठेवतो त्याला कुठलाही निर्णय घेता येत नाही. आणि जो क्लच शोधायला खाली वाकून बघतो त्याला मुलगी देऊ नये. महापालिकेच्या निवडणुकीत मत कुणाला दिलं असं मी एकदा त्यांना विचारलं तर म्हणाले, "दोगंबी माज्याकडंच शिकल्यात. दिलं आपलं, ज्याचा क्लच बरा हाय त्याला." शेवटची परीक्षा परीख पुलाखालून वर येणाऱ्या चढावर व्हायची. मधोमध गाडी थांबवायला लावून मामा खाली उतरायचे, आपल्या पायातली कापशीची करकरणारी चप्पल काढायचे आणि मागच्या चाकाला खेटून ठेवायचे. मग एक पाय अनवाणी, एक हात वर करून मागची सगळी वाहतूक थोपवून धरायची आणि ओरडायचं, "आता काढा!" गाडी तसूभर मागे आली की चप्पल चाकाखाली. शिकणाऱ्याचीच चप्पल का ठेवत नाही, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असे. "सोताची चप्पल मोडली तर मानूस दुसरी घेतोय. मास्तरची मोडली तर जलमभर ध्यानात ऱ्हातंय."

माझ्या जन्मभर ध्यानात आहे. लग्न ठरायच्या आधी मुलीच्या मामांनी मुलाला एकदा बघावं, एवढंच मला सांगितलं होतं. चहा पोहे होतील अशा समजुतीने मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि अर्ध्या तासात परीख पुलाच्या चढावर घामाघूम होऊन बसलो. मागे दोन रिक्षा, एक टेम्पो आणि हात वर केलेले मामा. गाडी मागे आली. चपलेचा अंगठा तुटला. मला काही सुचेना, म्हणून मी उतरलो, चप्पल उचलली, झटकली आणि माफी मागून त्यांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी मामांनी माझ्या सासऱ्यांना निकाल कळवला. "क्लच कच्चा हाय. पण गडी खाली उतरून चप्पल उचलतोय. द्या पोरगी." तेव्हापासून मी त्यांचा पावणं. तसे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ते पावणंच म्हणतात, पण मला म्हणताना आवाज थोडा खाली येतो.

आठवड्यातला तो एक दिवस म्हणजे सोमवार. सोमवारी स्कूल बंद, कारण सोमवार नेसरीचा. गडहिंग्लजच्या पुढे नेसरी हे मामांचं गाव. तिथे त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मोठी मावशी, अक्का, एकटी राहते. मामा तान्हे असताना आई गेली आणि चौदा वर्षांच्या अक्काने त्यांना कडेवर घेतलं. आता ती ऐंशीच्या पुढे आणि मामा सत्तरीला टेकलेले, तरी ती त्यांना 'तम्मा' म्हणते. तिकडे कानडी मुलूख जवळ, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अक्काला कोल्हापूरला आणायचे सगळे प्रयत्न करून झाले, ती घर सोडत नाही. तिचा सोमवारचा उपास असतो आणि तो ती दिवेलागणीला, मामा आल्यावर, त्यांच्याबरोबरच सोडते. मामा तिथे राहून मंगळवारी सकाळी परततात. आमचं लग्न रविवारी झालं, त्याचं खरं कारण सोमवारच्या मुहूर्ताला मामांनी दिलेला साफ नकार हेच. मामीही दर सोमवारी बरोबर असत, पण मागच्या सीटवर, भाजीच्या पिशवीशेजारी. पुढे का बसत नाहीत हे मी कधी विचारलं नाही. त्यांना गाडीची भीती वाटत असावी असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी मामांचा डावा गुडघा गेला. हाडांचे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. फोटो बघून ते म्हणाले, "मास्तर, आयुष्यभर दोन माणसांचा क्लच दाबलाय तुम्ही. एक स्वतःचा, एक शिकणाऱ्याचा. ऑपरेशन करून घ्या, नाहीतर क्लच सोडा." मामा म्हणाले, "डॉक्टर, तुमचा क्लच कसा हाय मला ठावं हाय. तुमच्या हातात गुडघा द्यायचा न्हाय मला." चेष्टा बाजूला ठेवली तरी ऑपरेशन म्हणजे कित्येक सोमवार खाटेवर, आणि ते त्यांना चालणार नव्हतं. एसटीची पायरी चढवेना. एक ड्रायव्हर ठेवून बघितला. मामा त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि कावळा नाक्यापासून शिकवायला लागले. कागलला त्या माणसाने गाडी नीट बाजूला लावली, किल्ली मागे बसलेल्या मामींच्या हातात दिली आणि समोरून येणारी कोल्हापूरची एसटी पकडली. पुढची सगळी वाट मामांनी त्या गुडघ्यानिशी चालवली. नेसरीत पोचल्यावर त्यांना गाडीतून उतरता येईना. अक्काने दोन शेजाऱ्यांना बोलावून भावाला उचलून घरात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिनेच फर्मान काढलं, की आता बिनक्लचची गाडी घे, नाहीतर येऊ नको.

बिनक्लचची, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी हा मामांच्या दृष्टीने गाडीचा प्रकारच नव्हता. "त्यो पाळणा हाय," ते म्हणत. "बसायचं आनि हालायचं. आनि डाव्या पायानं करायचं काय? घरात ठेवून यायचं?" स्कूलमध्ये अलीकडे येणारी मुलं ऑटोमॅटिकच शिकवा म्हणत आणि मामा त्यांना विचारत, बंद पडली तर ढकलून चालू कशी करणार? तशी ती होत नाही म्हणे, असं मुलांनी सांगितलं की मामा जिंकल्यासारखे हसत. शेवटी मुलं यायची थांबली आणि गुडघा बंद पडला त्याच महिन्यात स्कूलही बंद पडलं. मामांच्या पुण्यातल्या मुलाने नवी गाडी बुक करून टाकली आणि ती येईपर्यंतचे सोमवार रजा काढून निभावले. ती दारात आली तेव्हा मामांनी हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मग दार उघडून वाकून बराच वेळ खाली बघितलं. गाडी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "तिसरा कुटं हाय?" त्याला कळलं नाही. मला कळलं, मामा क्लचचं पेडल शोधत होते.

मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी दोन वर्षांपासून तसलीच गाडी वापरतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण इतका अवघड विद्यार्थी मला मिळालेला नाही. मामांना काहीच शिकायचं नव्हतं. त्यांना एक गोष्ट विसरायची होती, आणि ती त्यांच्या डाव्या पायात होती. गाडीने थोडा वेग घेतला की पुढचा गिअर टाकायची वेळ झाली असं त्यांच्या पायाला वाटे. क्लच समजून तो पाय सगळ्या ताकदीने ब्रेकवर पडे आणि आम्ही दोघं पुढच्या काचेला नमस्कार करून परत येत असू. त्यांनी उपाय केले. डाव्या पायातली चप्पल काढून ठेवली, अनवाणी पायाला ध्यान राहील म्हणून. मग उपरण्याने पाय सीटला बांधला. मग त्याच्याशी बोलायला लागले. "गप ऱ्हा. तुजं काम संपलंया," असं ते खाली बघून म्हणत, आणि म्हणताना आवाजात राग नसे. चार दिवस शेंडा पार्काच्या मोकळ्या रस्त्यांवर पाय गप्प राहिला.

पाचव्या दिवशी आम्ही गावात आलो. कावळा नाक्याला सिग्नल सुटला, गाडी निघाली, वेग आला आणि मामांचा डावा पाय पडला. मागे मोटारसायकलवर नवरा बायको होते. ते आमच्यावर येऊन आदळले आणि रस्त्यावर पडले. बाईंचं कोपर सोलवटलं, तेवढंच. मामा उतरले. मी त्यांना भर रस्त्यात भांडताना अनेकदा पाहिलंय, त्यात त्यांचा हातखंडा आहे. त्या दिवशी त्यांनी आधी त्या बाईंना उठवलं आणि हात जोडले. "चूक माजी हाय, ताई. सगळी माजी हाय." तिचा नवरा तावातावाने पुढे आला आणि थबकला. "मास्तर, तुमी?" तोही त्यांच्याकडेच शिकलेला. मामांनी त्याच्याकडे बघितलं नाही. डॉक्टरकडे नेऊन मलमपट्टी करून आणली, त्या दोघांना घरी सोडलं आणि मग मामांनी मला किल्ली दिली. "ही तुमच्या दारात नेऊन लावा. मला दिसाया नगो." मी म्हणालो, होतं एखाद्या वेळी. ते म्हणाले, "न्हाय पावणं. ज्याला आपला पाय आवरत न्हाय त्यानं गाडीला हात लावू न्हाय. हे मीच शिकवलंय लोकास्नी." आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले. मला त्या क्षणी त्यांचं फार वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकून त्यांना नेसरीला नेलं. त्याच्या पुढच्या सोमवारी शाळेत परीक्षा होत्या, मला निघता आलं नाही, आणि मामा इतक्या वर्षांत पहिल्यांदा नेसरीला गेले नाहीत. संध्याकाळी अक्काचा फोन आला. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'येतो, जातो'च म्हणतात. "किती बी येळ हू दे तम्मा, तू आल्यावर जेवतो मी." मामांनी परोपरीने सांगितलं, आज येत नाही, तू जेव. तिने ऐकून घेतलं आणि मंगळवारी दुपारपर्यंत पाण्यावर राहिली. शेजारणीने दटावून चार घास घातले तेव्हा कुठे कोल्हापुरात मामांनी अन्नाला हात लावला. ऐंशी ओलांडलेल्या बाईने असे किती सोमवार काढायचे? त्या रात्री मामींचा मला फोन आला. मामी कधी फोन करत नाहीत. "जावईबापू, उद्यापासनं सकाळी सहाला शेंडा पार्कात गाडी घेऊन या. मी देवळाला जाते म्हणून सांगून येते. ह्यांना बोलू नका."

मी गाडी घेऊन गेलो. मामींनी पदर खोचला, उजव्या बाजूचं दार उघडलं आणि सरळ स्टिअरिंगपुढे बसल्या. भीती कुठेच दिसेना. मी तसं म्हटल्यावर त्या हसल्या. "भीती कसली? लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवत होते की मला. तिसऱ्याच दिवशी चढावर चप्पल लावली चाकाला. मोडली मी. तर चार लोकांत म्हणाले, हिच्या नशिबात क्लच न्हाय. तवापासनं मागं बसते. पुढं बसायचं म्हंजे चुका ऐकायच्या. मागं बरं असतंय, भाजी निवडून होती." त्यांना गाडी आठ दिवसांत आली. त्यांच्या डाव्या पायाला विसरण्यासारखं काही नव्हतं. तो आपला मुकाट बाजूला पडून असायचा. शिकाऊ लायसन झालं, महिना गेला, पक्कंही झालं. तेवढे सोमवार मी सहकाऱ्यांचे तास अंगावर घेऊन, मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून काढले. मामा दर वेळी उतरताना म्हणत, "पावणं, तुमास्नी लई तरास झाला." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं चमत्कारिक वाटे की मला ते चुका काढताना बरे वाटायला लागले होते.

मग एका सोमवारी शाळेला सुट्टी होती. मी गाडी दारात आणली, आणि मामी आतून येऊन उजव्या बाजूला बसल्या. मामा काठी टेकून उभेच राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "लायसन?" मामींनी पर्समधून काढून दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो आणि मामी ताडून बघितल्या, परत दिलं आणि डाव्या सीटवर बसले. मी मागे बसलो. कागल गेलं, निपाणी गेली, मामा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे पाय मात्र खाली दोन माणसांचं काम करत होते. तवंदी घाटात पुढची उसाची ट्रॉली चढावरच थांबली. मामींनीही गाडी थांबवली. मागे ट्रक. मामांचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला. ट्रॉली हलली, मामींनी ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी जागची न घसरता सावकाश वर निघाली. मामांनी मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. "मागं आली न्हाय," ते म्हणाले. "येतच न्हाय ती मागं," मामी म्हणाल्या.

नेसरीत पोचलो तेव्हा दिवे लागत होते. अक्का दारात उभी होती. मामी कुठल्या बाजूने उतरल्या ते तिने बघितलं आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. एवढी वाट गाडी चालवून आलेल्या मामी हात धुऊन लगेच चुलीपुढे भाकरी थापायला बसल्या. मी आणि मामा बाहेर कट्ट्यावर बसलो. आतून थापण्याचा आवाज येत होता. मामा गुडघा चोळत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावणं, लोकांच्या पोरास्नी मी म्हैना म्हैना शिकवलं. त्या तशिलदाराला तर तीन म्हैनं दिलं. हिला तीन दिस दिलं हो." ते पुन्हा म्हणाले, "तीनच दिस."

पिठाच्या हातांनी मामी दारात आल्या. "या, पानं घेतलीत. भाकरी निवायला लागली." आत दोन पानं मांडली होती, अक्काचं आणि मामांचं. त्या घरात असंच चालत आलेलं. बहीण भावाने उपास सोडायचा, मामींनी वाढायचं आणि मागाहून बसायचं. मामा पानाजवळ गेले, भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "तुजं बी पान घे. तू बी बस."

"मग वाढायचं कुणी?" मामींनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. जावयाने त्या घरात आजवर पाण्याचा तांब्याही उचललेला नव्हता. मी उठलो आणि हात धुतले. तिघं ओळीने बसली, मधे मामी. अक्काने पहिला घास घेतला आणि मी भाकरीची दुरडी घेऊन पुढे झालो. भाकरी गार झाली होती, तरी मामांनी आणखी एक मागून घेतली.